फुलाला नाक नसतं

'धिस फ्लॉवर इज स्मेलिंग स्वीटली' असं वाक्य एखाद्या मुलानं म्हटलं, तर आमच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर रागावत नसत. ते खुर्चीवरून उठत, खिडकीशी जात आणि हात पाठीमागे बांधून बाहेरच्या जांभ्या दगडाच्या गडग्याकडे पाहत उभे राहत. काहीतरी फार वाईट घडलंय हे वर्गाला तेवढ्यावरून कळायचं. मग ते वळत आणि हळू आवाजात सांगत, की या एका वाक्यात दोन गुन्हे आहेत. पहिला असा, की फूल काही 'स्मेलिंग' करत नाही. वास ही त्याची करणी नव्हे, स्थिती आहे. म्हणून 'स्मेल्स' म्हणा. दुसरा गुन्हा थोरला. 'स्वीटली' म्हटलं, की फूल मोठ्या गोड रीतीनं कशाचा तरी वास घेत बसलंय असा अर्थ होतो.

"फुलाला नाक नसतं," ते म्हणत. "म्हणून स्वीट. 'ली' काढून टाका."

मी घाटावरून रत्नागिरीला आलो तो शाळेत सायन्स शिकवायला. एकोणीसशे वीसचं दशक सरत आलं होतं. मास्तर तेव्हा चाळिशीच्या पुढे होते. उंच, किडकिडीत, काळा कोट, आणि उन्हापावसात कधीच न उघडलेली छत्री. चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, पण नाक मात्र असं, की घडवणाऱ्यानं वेळ काढून घडवलं असावं. त्यांची विद्वत्ता सगळ्याच इंग्रजीत होती, पण जीव अडकला होता तो सुवासाच्या शब्दांत. क्रमिक पुस्तकात कुठे एक गुलाब आला, की व्याकरणाचा धडा बाजूला राहायचा आणि मास्तर त्या गुलाबामागून निघायचे.

त्यांचं सांगणं स्पष्ट असे. फ्रेग्रन्स फुलाचा. अरोमा मसाल्याचा, कॉफीचा, रांधपाचा. परफ्यूम बाटलीतला; फुलाला तो शब्द लावलात तर फुलाला उसने कपडे घातलेत. सेंट पुसट, माणूस निघून गेल्यावर मागे राहणारा, शिकारी कुत्रा ज्याचा माग काढतो तो. ओडरपासून जपून राहा. जुन्या पुस्तकांत तो सभ्य होता, आता गटारापाशी राहायला गेलाय. आणि सगळ्यांत धोक्याचा 'स्मेल'. पुढे विशेषण न लावता कुणाबद्दल 'ही स्मेल्स' म्हणालात, तर त्या माणसानं आंघोळ केलेली नाही. "आपल्याकडेही तेच," ते मुलांना समजावत. "नुसतं 'वास येतोय' म्हणा, लोक नाक मुरडतील." मात्र 'खमंग'ला इंग्रजीत शब्द नाही, हे ते दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी त्यांना साहेबाची थोडी दया यायची.

सहकाऱ्यांनाही सूट नव्हती. एकदा ड्रॉइंगचे मास्तर सहज बोलता बोलता बकुळीचा 'अरोमा' म्हणून गेले. मास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "बकुळ फोडणीला घातली होती काय?" त्यानंतर ड्रॉइंगचे मास्तर शिक्षकांच्या खोलीत मराठीच बोलत.

हा माणूस नाकाचा फार तिखट असणार, अशी माझी समजूत होती. ती एका दुपारी खोटी ठरली.

प्रयोगशाळेत मी मुलांना सल्फ्युरेटेड हायड्रोजन तयार करून दाखवत होतो. नळीचं बूच निसटलं आणि पाहता पाहता तो वायू खोलीत, तिथून पडवीत आणि पुढे सगळ्या इमारतीत शिरला. ज्यानं तो एकदा हुंगलाय त्याला सांगायला नको. शाळा मैदानात आली. मुलं खोकत होती, हसत होती, हेडमास्तर उपरण्यानं तोंड झाकून उभे होते. आणि त्या गोंधळात आम्हांला शाळेच्या आतून एक शांत आवाज ऐकू येत होता. मास्तर शिकवत होते.

मी ओलं फडकं नाकाशी धरून आत गेलो. मास्तर वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत होते. मुलं त्यांच्या पाठीमागून केव्हाच पळाली होती. रिकाम्या बाकांना ते फ्रेग्रन्सचं अनेकवचन का होत नाही आणि कधी होतं, ते समजावत होते.

"मास्तर, बाहेर चला," मी म्हटलं.

"का? तास संपला?"

"वायू पसरलाय. हा विषारी असतो."

त्यांनी माझ्या नाकावरच्या फडक्याकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं, आणि खडू जपून खोक्यात ठेवला. पायऱ्या उतरताना त्यांनी मला विचारलं, कसला वास आहे. मी म्हटलं, सडक्या अंड्यांचा. ते दोन पायऱ्या उतरले आणि मग, एखाद्यानं परगावचा रस्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं, "सडक्या अंड्यांचा वास कसा असतो?"

तेव्हा मला कळलं.

मैदानाच्या कडेला फणसाचं झाड होतं, तिथे त्यांनी मला सगळं सांगितलं. लहानपणी देवी आल्या, त्या जाताना नाक घेऊन गेल्या. कसलाही वास आल्याची त्यांना आठवण नव्हती. मला वाटलं, ते ओशाळले असतील. तसं काही नव्हतं. उलट मलाच काहीतरी समजावून द्यायचंय अशा थाटात ते बोलत होते.

"तुम्हां लोकांचं बरं असतं, सायन्सवाले. शब्द चुकला तर नाक सांभाळून घेतं. माझ्याकडे नुसता शब्द आहे. तो चुकला, की माझ्या हाती काही राहत नाही."

त्यानंतर मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. माझं लग्न व्हायचं होतं आणि खाणावळीतलं जेवण मला सोसत नव्हतं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मला रात्रीच्या पानाला बसवायला सुरुवात केली. अक्का फार लहानपणी विधवा होऊन माहेरी परतली होती. मास्तरांनी लग्न केलं नाही. खालच्या आळीतल्या त्या कौलारू घरात ही दोघं भावंडं राहत, आणि त्यांचा रोजचा एक रिवाज होता. शाळेतून आल्यावर मास्तर ओटीवर बसत, आणि अक्का आतून त्यांना दिवसभराचे वास सांगे.

तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण सांगायची फार नेमकं. फाल्गुनात एकदा ती देवळातून आली आणि म्हणाली, बाजारात सुरंगीच्या फुलांचे वळेसर आलेत. मास्तरांनी विचारलं, कशी असते सुरंगी? तिनं क्षणभर डोळे मिटले.

"मधासारखी. पण नुसता मध नव्हे हो. उन्हात ठेवलेला."

मास्तर ते वाक्य घेऊन दोन दिवस फिरत होते. तिसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मला म्हणाले, मधाला शब्द मिळाला, उन्हाचं काय करावं कळत नाही. पेजेचंही तसंच. सकाळी चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटू लागली, की त्या वासाला काय म्हणायचं यावर त्यांनी अनेक वर्षं घालवली होती. शेवटी त्यांचा निकाल असा, की इंग्रजीत त्याला शब्द नाही. त्यात इंग्रजांचं काही चुकलेलं नाही, त्यांच्याकडे पेज नाही.

अक्काला फुलं माळायची सोय नव्हती. "हुंगायला कुणाची बंदी आहे?" असं ती म्हणे, आणि परडीतलं प्रत्येक फूल देवाला वाहण्याआधी भावासाठी हुंगे. देवाला ते चालत असावं. मास्तरांच्या मेजावर मात्र वर्षभर एकाच फुलाची वाटी असायची, अबोलीची. मी कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "अबोलीला वास नसतो. या फुलाच्या बाबतीत तुम्ही आणि मी सारखे."

वायूच्या प्रकरणानंतर मास्तरांचं गुपित गुपित राहिलं नव्हतं. सगळ्या शाळेनं पाहिलं होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते मांडवीपासून मिरकरवाड्यापर्यंत पोचलं होतं. कुणी चार दिवस हसलं, मग विसरलं. एक माणूस विसरला नाही, आणि त्याला ते वर्षभरानं उपयोगी पडलं.

झालं असं, की कलेक्टरसाहेब बदलून निघाले. गावानं त्यांना मानपत्र द्यायचं ठरवलं आणि इंग्रजी मजकूर लिहिला गावातल्या एका नामांकित वकिलांनी. हे वकील आमच्या शाळेच्या कमिटीवर होते आणि त्यांच्या शब्दाबाहेर कमिटी सहसा जात नसे. छापखानेवाला मजकूर जुळवून झाला, की स्पेलिंग पाहायला मास्तरांकडे पाठवी. तसा हाही आला. मास्तर वाचत वाचत तिसऱ्या परिच्छेदाशी आले आणि उठून खिडकीशी गेले. मी तिथेच होतो. मी कागद पाहिला. आपल्या सत्कीर्तीचा सुगंध जिल्हाभर दरवळत आहे, असं वकिलांना म्हणायचं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'द स्मेल ऑफ युवर नेम इज गोइंग ऑल ओव्हर द डिस्ट्रिक्ट'.

मास्तर छत्री घेऊन तडक वकिलांकडे गेले. तिथे काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी नम्रपणे सुचवलं, की तेवढा शब्द बदलावा. वकील म्हणाले, डिक्शनरीत स्मेल म्हणजे वास असंच आहे. मास्तर म्हणाले, आहे, आणि साहेब तो तसाच वाचतील, आणि घरी जाऊन मडमेलाही वाचून दाखवतील. वकिलांच्या ओटीवर चार पक्षकार बसले होते. त्यांच्यासमोर हे झालं, तिथेच सगळं बिघडलं. वकील म्हणाले, मजकूर आहे तसा छापला जाईल. मास्तर तिथून छापखान्यात गेले आणि मालकाला म्हणाले, की हे असं छापलंत, तर समारंभात त्या वाक्याला मी उभा राहून दुरुस्ती सांगेन. मालक मास्तरांचा जुना विद्यार्थी होता. मास्तर बोलले तसं करतात हे त्याला ठाऊक होतं. त्यानं यंत्र थांबवलं.

आठवड्याच्या आत कमिटीची सभा भरली आणि मास्तरांना बोलावणं आलं. मलाही आलं, वायूच्या दिवशी मी काय पाहिलं ते सांगायला. मी अक्काला काही बोललो नव्हतो, पण तिला कळलं होतंच. त्या सकाळी तिनं मास्तरांचा कोट स्वतः झटकला आणि एवढंच म्हणाली, नोकरी गेली तर जाऊ दे, तुझं बरोबर आहे ना?

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

"मग जा."

सभेला अध्यक्ष होते एक निवृत्त मामलेदार, तपकिरीचे शौकीन, कमी बोलणारे. वकिलांनी मानपत्राचं नावही काढलं नाही. त्यांनी मांडणी केली ती अशी, की ज्या गृहस्थांना गुलाब आणि गटार सारखंच, ते आमच्या मुलांना सुवास शिकवतात आणि शाळा हे चालू देते. मला विचारलं, वायू सुटला तेव्हा मास्तरांना वास आला होता काय? मी म्हटलं, नाही. आणखी काही सांगायचंय? मी म्हटलं, मॅट्रिकला इंग्रजीत आपली मुलं पास होतात ती यांच्यामुळे. वकील म्हणाले, तो प्रश्न नाही.

मास्तर उभे राहिले. छत्री हातातच होती.

"वकीलसाहेब म्हणतात ते खरं आहे," ते म्हणाले. "मला वास येत नाही. आजवर कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. मला एवढंच विचारायचंय, की वकीलसाहेबांनी विलायतेतलं प्रिव्ही कौन्सिल पाहिलंय काय?"

वकील म्हणाले, नाही.

"पण तिथले निकाल आपण रोज कोर्टात सांगता आणि जज्जसाहेब मान्य करतात. कारण आपण ते काळजीपूर्वक वाचलेले असतात. मी इंग्रजी सुवास तसेच वाचलेत. मी स्वतः तिथे गेलेलो नाही."

एवढं बोलून ते बसले. मामलेदारांनी चिमूटभर तपकीर ओढली, शिंकले, नाक पुसलं. मग मानपत्राचा कागद मागवून घेतला आणि तिसरा परिच्छेद मनात वाचला. त्यांच्या मिशीखाली काय चाललंय ते कुणाला नीट दिसलं नाही.

"फ्रेग्रन्स घाला," ते म्हणाले, "आणि मास्तरांना वर्गावर जाऊ द्या. मुलं खोळंबली असतील."

मानपत्र फ्रेग्रन्ससह वाचलं गेलं. वकील मास्तरांशी पुढे कधी बोलले नाहीत, पण त्यांचे महत्त्वाचे इंग्रजी मसुदे त्यांचा गडी गुपचूप मास्तरांच्या ओटीवर ठेवून जाऊ लागला. मास्तर ते तपासून तिथेच ठेवत. दोघांनीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

चार-पाच वर्षांनी एका भाद्रपदात अक्का तापानं गेली. मास्तरांनी सगळं यथासांग केलं आणि सुतक फिटल्यावर नेमानं शाळेत आले. वर्गात फरक पडला नाही. फरक दुसरीकडे पडला. एकदा ते घालून आले तो कोट दमट हवेत पेटीत पडून राहिलेला होता. शिक्षकांच्या खोलीत सगळे जरा सरकून बसले, पण बोललं कुणी नाही. मी त्यांना पडवीत नेऊन सांगितलं.

"कसा वास?" त्यांनी विचारलं.

"कुबट."

"कुबट म्हणजे मस्टी, की स्टेल?"

मी म्हटलं, मला नाही सांगता येत. त्यांनी कोट काढून हातावर घेतला. "अक्का सांगायची," ते म्हणाले. त्यानंतर ते रोज सकाळी शाळेत येताना माझ्या दारावरून येत आणि क्षणभर थांबत. माझं तोवर लग्न झालं होतं. कोटाला वास नाही ना ते पाहून माझी बायको दारातून मान हलवी, मग ते पुढे जात. त्यात त्यांना संकोच वाटला नाही. चष्मा लागलेला माणूस चष्मा लावतो, तसं ते होतं.

त्या पुढच्या वैशाखात पावसकडचे एक बागायतदार त्यांच्याकडे आले. मुसलमान गृहस्थ, पिकली दाढी. तरुणपणी बोटीवर सारंग होते, आता हापूसच्या बागा करत. एडनला त्यांच्या भावाचं दुकान होतं. आगबोटीवरचे खलाशी, जे सगळे आमच्याच किनाऱ्यावरचे, आणि बोटींवरचे साहेब, असं दोन्ही गिऱ्हाईक तिथे यायचं. यंदा ते मुंबईमार्गे काही पेट्या तिकडे पाठवणार होते आणि पेटीवर इंग्रजीत एक ओळ त्यांना हवी होती. आंबा पेटीबाहेर दिसत नाही, त्याच्या वासाबद्दल काहीतरी झोकदार लिहून द्या, असं ते म्हणाले. वासाचं इंग्रजी तुमच्याकडे मिळतं, असं त्यांना बाजारात कुणीतरी सांगितलं होतं.

मास्तरांनी काम घेतलं आणि मग ते अडले. इतके अडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. ते भेटेल त्याला विचारू लागले, हापूसचा वास कसा असतो? माझ्या बायकोनं सांगितलं, आंब्यासारखा. छापखानेवाल्यानं सांगितलं, आंब्यासारखा. हेडमास्तरांनी विचार करून सांगितलं, पिकलेल्या आंब्यासारखा. मास्तर वैतागले. त्यांच्या मते रत्नागिरीत कुणालाही आंब्याचा वास ठाऊक नव्हता.

एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो होतो. आत अंधार होता, चूल पेटलेली नव्हती.

"सुरंगीचं विचारलं, केवड्याचं विचारलं, पेजेचं तर किती वेळा विचारलं," ते म्हणाले. "आंब्याचं अक्काला कधी विचारलंच नाही. म्हटलं, आंबा काय, दरवर्षी असतोच."



ठरल्या दिवशी बागायतदार ओळ न्यायला आले, तेव्हा कागद कोरा होता. मास्तरांनी त्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं, की मला वास येत नाही आणि गावात कुणाला सांगता येत नाही, आता तुम्हीच सांगा. म्हातारा गोंधळला. त्यानं दाढीवरून हात फिरवला.

"मास्तरसाहेब, मी अडाणी माणूस. वास कसा ते नाही सांगता यायचं. एकदा काय झालं ते सांगतो. एडनच्या गोदीत होतो. घर सोडून दोन वर्षं झालेली. कुणाच्या तरी घरून पेटी आली. फळी उचकटली, आणि मी उभा होतो तो खाली बसलो. आमचे सगळे तिथे होते, कुणी हसला नाही. बस, इतकंच."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दौत पुढे ओढली आणि न थांबता एक ओळ लिहिली. मी खांद्यावरून वाचली. 'इफ फार फ्रॉम होम, ओपन विथ केअर.' मी तिचा अर्थ बागायतदारांना मराठीत सांगितला: घरापासून लांब असाल, तर जपून उघडा.

ते विचारात पडले. "चांगलंय," ते म्हणाले. "पण यात वास कुठंय?"

"वास आंब्यात आहे," मास्तर म्हणाले. "तो मी कशाला लिहू?"

माल निघायच्या दिवशी मास्तर मला घेऊन पावसला गेले, ओळ नीट रंगवलीय का ते पाहायला. खाडीवर मचवा लागला होता, पेट्यांची उतरंड काठावर रचलेली होती, आणि पत्र्याचा छाप धरून रंगाऱ्यानं प्रत्येक पेटीवर काळ्या रंगात ओळ उठवलेली होती. अक्षर सुरेख होतं. मास्तर पहिल्या पेटीपुढे वाकले, दुसरीपुढे वाकले, आणि खाडीकडे तोंड करून उभे राहिले.

छाप कापणाऱ्यानं 'होम'पुढचा स्वल्पविराम सोडला होता.

रंगारी म्हणाला, एवढासा ठिपका बोटीवर कोण बघतोय. मचव्याचा तांडेल म्हणाला, भरती उलटायला आली, मुंबईची बोट चुकेल. मास्तरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि बागायतदारांकडे वळले.

"तिथे माणसानं थांबलं पाहिजे," ते म्हणाले. "घर म्हटल्यावर लगेच पुढे जाता येत नाही."

म्हातारा सारंग भरती-ओहोटीच्या हिशेबावर जन्म काढलेला माणूस होता. त्यानं एकदा पाण्याकडे पाहिलं, तांडेलाला हातानंच थांबवलं आणि रंगाऱ्याला कुंचला उचलायला सांगितलं. मग एका पेटीवर बसला. मास्तर छत्री टेकून एकेका पेटीपाशी उभे राहत होते, आणि ठिपक्याला शेपटी नीट आल्यावरच पुढच्या पेटीकडे जात होते.